जळालेल्या डोंगरावर कुत्री न्यायची का? पाठीवर बी की जमिनीला नाक

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यंदा त्यांच्या सोसायटीमागच्या डोंगरावर वणवा लागला आणि दोन रात्रीत अख्खा उतार काळा झाला. त्यांच्या गटात दहा-बारा कुत्री आहेत: बरेचसे लॅब्राडोर, एक गोल्डन रिट्रीव्हर, बाकी गावठी. चिलीत कुत्र्यांच्या पाठीवर बियांच्या थैल्या बांधून जळालेलं जंगल पुन्हा उभं केलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. पाऊस पडायच्या आत आपल्याकडे तसं करता येईल का? बी कोणतं घ्यायचं, थैली कशी शिवायची, किती वजन द्यायचं?

माझी नोकरी पोलिसांच्या श्वान पथकात गेली. निवृत्तीनंतर ठाण्यात वास ओळखण्याचं प्रशिक्षण देतो आणि उन्हाळ्यात येऊरच्या बाजूला वणवा विझवायला जाणाऱ्या पोरांबरोबर असतो. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत. उत्तर आधीच देऊन टाकतो: बियांसाठी कुत्री नेऊ नका. कुत्र्याचा जंगलाला उपयोग होतो, पण आपल्याकडे तो पाठीचा नाही, नाकाचा आहे, आणि तोही तुम्ही समजता त्या वेळी नाही.

चिलीची गोष्ट खोटी नाही, हे मात्र आधी सांगायला हवं. 2017 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, तिथे पाच लाख हेक्टरच्या आसपास जमीन जळाली. सांता ओल्गा नावाचं गावच्या गाव राख झालं. त्यानंतर माउले भागात दोन बहिणींनी आपल्या तीन बॉर्डर कॉली कुत्र्या कामाला लावल्या: दास आणि तिच्या दोन लेकी, ऑलिव्हिया आणि समर. पाठीवरच्या थैलीला भोकं, त्यात देशी झाडांचं, गवताचं, फुलझाडांचं मिश्र बी. कुत्री पळाली की बी सांडत जातं. थैली रिकामी झाली की ती मालकिणीकडे परत येते, खाऊ घेते, थैली भरून घेते आणि पुन्हा सुटते. दिवसाला 30 किलोमीटरपर्यंत पळणं आणि 10 किलोच्या आसपास बी पसरणं, असा त्यांचा हिशोब होता. माणूस त्याच वेळेत जेमतेम तीन किलोमीटर करतो. इंग्लंडमध्ये लुइस गावच्या निसर्ग राखीव क्षेत्रातही फिरायला येणाऱ्या कुत्र्यांना अशा थैल्या दिल्या गेल्या. पूर्वी लांडग्यांच्या केसांना चिकटून बी रानभर जायचं, ते काम कुत्र्यांकडून करून घ्यायचं, अशी त्यामागची कल्पना.

पण चिलीत काय जळालं ते पाहा. त्या भागात पाइन आणि निलगिरीच्या लागवडी मैलोन् मैल आहेत. तिथली आग शेंड्यापर्यंत चढते आणि पाइन एकदा पुरता जळला की मुळापासून फुटत नाही. तिथे वरून बी टाकण्याला अर्थ आहे. मोकळं, लांबच लांब रान, कुत्र्याला खाणारा बिबट्या नाही, पायाखाली घोणस नाही, आणि आगीनंतर समोर थंड पावसाळी हिवाळा.

आपला वणवा वेगळा. येऊर, पारसिक, खारघर, कर्नाळा, कुठेही घ्या, ही पानगळीची जंगलं आहेत. फेब्रुवारीपासून पाचोळा आणि वाळलेलं गवत गुडघाभर साचतं आणि आग लागते ती त्यालाच. कमरेएवढी ज्वाळा येते, वाऱ्यासरशी पुढे जाते. बघायला भयंकर दिसते, रात्री ठाण्याच्या गच्चीवरून तर जास्तच. पण ऐनाची साल जाड असते, मगरीच्या पाठीसारखी, ती आतल्या जिवाला सांभाळते. पळस, साग, कुडा, धावडा, खैर यांचं वरचं खोड जळालं तरी जमिनीखालचा खुंट जिवंत राहतो. पहिल्या दोन पावसांत त्याला फुटवे येतात. आणि हा खुंट दहा-पंधरा वर्षांचा असतो, त्याची मुळं मुरुमात खोल गेलेली असतात. तुम्ही वरून टाकलेलं बी त्याच्याशी स्पर्धा करूच शकत नाही.

मग डोंगर बोडका का होतो? कारण फुटवा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. दर वर्षी मुळातली साठवण थोडी कमी होते आणि एक दिवस खुंट मरतो. त्याच्या जागी गवत येतं, रानमोडी येते, घाणेरी येते. रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं, उघडी जमीन मिळाली की तिचंच राज्य, आणि ती उन्हाळ्यात वाळली की पुढच्या वणव्याला सरपण. म्हणजे खारघरच्या त्या उताराला बियांची कमतरता नाही. त्याला लागोपाठ चार-पाच वर्षं आग न लागण्याची गरज आहे. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण आग न लागू देणं याचा व्हिडिओ होत नाही.

बियांबद्दल विचारलंत म्हणून तेही सांगतो. भोकांच्या थैलीतून बारीक, गोल, कोरडं बी सांडतं. ऐनाचं फळ पंखांचं, ते भोकात अडकतं. सागाचं फळ टणक, ते वर्ष-वर्ष पडून राहतं. बहाव्याच्या बीचं कवच घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. मोहाचं बी ताजंच पेरावं लागतं, थोडे दिवस ठेवलं की उगवण जाते. खैराचं चपटं बी आणि गवतांचं बी तेवढं थैलीतून जाईल. गवत तर तिथे तसंही येणारच आहे. आणि समजा सगळं व्यवस्थित सांडलं, तर ते पडतं कुठे? उघड्या काळ्या उतारावर. आपल्याकडे वर्षाला 2500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो सगळा चार महिन्यांत, आणि खारघरचा उतार असा की मृगाच्या पहिल्या तडाख्यात वरची राख, माती आणि तुमचं बी पांडवकड्याच्या ओढ्यातून थेट खाली. उरलेलं मुंग्या आणि उंदीर नेतात. बी लावायचंच असेल तर पाऊस स्थिरावल्यावर, टोकदार काठीने भोक पाडून, दगडाच्या आडोशाला, मातीखाली. हे काम माणसाच्या हाताचं आहे.

आता कुत्र्यांच्या बाजूने. पाऊस पडायच्या आत म्हणजे मे महिना. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. खाडीकडून येणारी दमट हवा असली की धाप टाकूनही अंग गार होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात, आणि लॅब्राडोर तिथे फार लवकर पोहोचतो, कारण तो दमला तरी थांबत नाही. आपल्या डोंगरांचा काळा कातळ सकाळी नऊनंतर तव्यासारखा तापतो. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा. ठेवता आली नाही तर कुत्र्याचा पंजाही तिथे ठेवू नका. त्यात जळालेल्या जमिनीची वेगळी भानगड असते. वरून विझलेली आग जुन्या खुंटात आणि मुळांच्या पोकळीत कित्येक दिवस धुमसत असते. वर राखेचा पापुद्रा, खाली निखारा. माणसाचा बूट वाचतो, कुत्र्याचा पाय नाही. आणि राख ओली झाली की ती चुन्यासारखी दाहक होते, बोटांमधली कातडी सोलून काढते.

वजनाचं उत्तर एका ओळीत: धडधाकट, सवय झालेल्या कुत्र्यालाही सुरुवातीला त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त देऊ नये. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला दोन किलो. सोसायटीत जिन्यापर्यंत फिरणाऱ्या लॅब्राडोरला शून्य.

या सगळ्याहून मोठी अडचण जमिनीवर राहणाऱ्यांची आहे. वणवा गेला की डोंगर रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. मार्च ते जून या काळात टिटवी, रातवा जमिनीवरच अंडी घालतात. रातव्याची अंडी तर उघड्या जमिनीवर, पाचोळ्याच्या रंगाची, पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. आगीतून वाचलेले ससे आणि घोरपडी उरल्यासुरल्या हिरव्या पट्ट्यांत कोंडलेल्या असतात. तिथे दहा-बारा मोकाट पळणारी कुत्री सोडायची म्हणजे वणव्यातून सुटलेल्यांची दुसरी परीक्षा घ्यायची. गटातला कितीही गुणी कुत्रा असो, ससा उठला की त्याच्या कानात तुमचा आवाज शिरत नाही. सोबत चार असतील तर मुळीच नाही.

येऊरचं कुणी विचारत असेल तर तिथे प्रश्नच नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि पाळीव कुत्रा आत नेता येत नाही. आणि ते योग्यच आहे. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं त्यातून दिसलं. उलट दिशेने आजारही जातात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर विषाणूचा हात होता. लस न दिलेला एक कुत्रा पाणवठ्यावर जाऊन आला तरी पुरे.

एक जाता जाता. ज्यांना बी पसरवायची हौस आहे त्यांनी फिरून आल्यावर आपल्या कुत्र्याचे केस विंचरून बघावेत. आघाडा, कुसळं, गोखरू, सगळं मिळेल. थैली न बांधताही तो बी नेतच असतो, फक्त ते तणाचं असतं, बागेतून आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटमधून. शिवाय कुसळी गवताचं बी बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं की ते पुढेच सरकत जातं, मागे येत नाही. दर हिवाळ्यात असे पाय सुजलेले कुत्रे मी बघतो.

आता नाकाकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

ऑस्ट्रेलियात 2019-20 च्या वणव्यांनंतर बेअर नावाच्या एका कुत्र्याने शंभराहून जास्त कोआला शोधून दिले. भाजलेला, उपाशी कोआला झाडाच्या शेंड्याला अंग चोरून बसतो, खालून माणसाला दिसत नाही. बेअर झाडाखाली येऊन बसायचा, मग लोक वर बघायचे. हा बेअर घरात सांभाळायला अवघड म्हणून मूळ मालकाने सोडून दिलेला होता. दिवसभर चेंडू, चेंडू आणि चेंडू. घरात जो कुत्रा डोकं उठवतो तो कामाला सोन्यासारखा निघतो, हा माझाही अनुभव आहे. त्याला काम करताना बूट घालत, जळालेल्या जमिनीमुळे.

त्याच देशात कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानात ऑरेंज हॉकवीड नावाचं परदेशी तण कुत्रे शोधतात. पण मला आपल्या दृष्टीने सगळ्यात जवळचं उदाहरण अमेरिकेतलं वाटतं. मोंटाना राज्यात मिझूला शहराला लागून माउंट सेंटिनेल नावाचा डोंगर आहे, शहरातले लोक रोज चढतात असा, खारघरच्या टेकडीसारखाच. तिथे डायर्स वोड नावाचं तण माजलं होतं. स्वयंसेवक वर्षानुवर्षं ते उपटत होते, पण माणसाला ते पिवळी फुलं आल्यावरच दिसायचं आणि तोवर उशीर झालेला असायचा. कुत्र्यांना ते फुलं येण्याआधी, गवताच्या आत दडलेलं असतानाही सापडू लागलं, आणि मग त्याची संख्या खरोखर खाली आली. कुत्र्यांनी एकही झाड लावलं नाही, पण डोंगराला सुधारायला मदत केली.

यातली मेख लक्षात घ्या. कुत्रा तेव्हा कामाचा जेव्हा शोधायची गोष्ट थोडी उरलेली असते. खारघरवर आज रानमोडी डोळ्यांनी दिसते. तिला कुत्रा कशाला हवा? आधी माणसांनी दोन-तीन पावसाळे, फूल येण्याआधी, ओल्या मातीतून ती मुळासकट उपटायची. मग जे चुकार रोप कारवीत लपलेलं राहील, त्याच्यासाठी कुत्रा. आत्ता आणला तर तो चारी बाजूंना बसत सुटेल आणि बिचारा वेडा होईल.

लोक मला विचारतात, आग लावणारा शोधता येईल का? पेट्रोल-रॉकेलचा अंश राखेतून ओळखणारे कुत्रे असतात, जळालेल्या इमारतीत ते उत्तम काम करतात. पण आपला वणवा कुणी पेट्रोल ओतून लावत नाही. राब भाजताना (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तेव्हा) सुटलेली ठिणगी, शिकारीसाठी पेटवलेलं गवत, रात्री पार्टीला बसलेल्यांची सिगारेट. काडीपेटीच्या काडीला वास कुठला उरणार?

आपल्या देशात वन्यजीव गुन्ह्यांसाठी कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम ट्रॅफिक या संस्थेने 2008 पासून चालवला आहे. त्यातले कुत्रे प्रामुख्याने जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉय, प्रशिक्षण सात ते नऊ महिन्यांचं, आणि कुत्र्याबरोबर त्याचे दोन हँडलरही तिथेच घडतात. हा कालावधी मुद्दाम सांगतोय. रविवारी सकाळी दोन तास देऊन हे होत नाही.

शिकवणं कसं असतं ते थोडक्यात. एकसारखे डबे ओळीने ठेवायचे, एकात त्या वनस्पतीचं पान, बाकीच्यांत दुसरी पानं, हातमोजा, रिकामी माती. योग्य डब्यावर नाक थबकलं की त्याच क्षणी चेंडू. पुढे डबे जातात, गवत येतं, मग उतार येतो. कुत्र्याने सापडल्यावर बसायचं, भुंकायचं नाही, उकरायचं तर अजिबात नाही. पान तोडणाऱ्याच्या हाताचा वास सगळ्या डब्यांना सारखा लागला पाहिजे, नाहीतर कुत्रा पान शिकत नाही, तुम्हाला शिकतो. आणि डोंगरावर वाऱ्याचं गणित कळलं पाहिजे. पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, तेव्हा ओढ्याकडून वर चढत शोधायचं. ऊन चढलं की हवा वर जाऊ लागते, मग वरून खाली. दुपारी खाडीचा वारा सुटला की त्या दिवसापुरतं काम बंद.

मग तुमच्या गटाने या उन्हाळ्यात काय करायचं? कुत्री घरी ठेवून तुम्ही या. खारघरच्या डोंगराचा काही भाग वन विभागाकडे, काही सिडकोकडे आहे. तुमच्या उताराचा मालक कोण ते आधी वनरक्षकाला भेटून पक्कं करा आणि लेखी परवानगी मागा. पुढच्या फेब्रुवारीआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला माणसं कमी पडतात, तिथे तुमची दहा-बारा माणसं म्हणजे मोठा आधार. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची सूचना मोबाइलवर पाठवते, कुणीही नाव नोंदवू शकतं. मात्र तो उपग्रह 375 मीटरच्या चौकोनात पाहतो आणि दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो, त्यामुळे तुमच्या गच्चीवरचा माणूस बहुतेक वेळा त्याच्या आधी आग बघतो. दिसली की वन विभागाचा 1926. आणि डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडी या पाड्यांतल्या लोकांशी आधी बोला. आग कुठून चढते, वारा कुठे वळतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि वणवा लागला की सगळ्यात आधी फांद्या घेऊन तेच धावतात.

कुत्र्यांवरच्या प्रेमाला काम हवंच असेल तर पाड्यांवरच्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या मोकाट कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी हातात घ्या. रेबीज आणि डिस्टेंपर, दोन्ही. जंगलासाठी हे थैलीपेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

आणि तरीही थैली वापरून बघायचीच असेल, तर डोंगरावर नको. एखाद्या कॉलेजची किंवा संस्थेची कुंपणाच्या आतली पडीक जमीन घ्या, मालकाची परवानगी घ्या. दहा बाय दहा मीटरचे तीन तुकडे आखा. एकात जूनच्या शेवटी, पहाटे, लांब दोरीवर एकच कुत्रा थैली घेऊन फिरवा. दुसऱ्यात तेवढंच बी हाताने टोकून लावा. तिसऱ्यात काहीच करू नका, फक्त गुरं आणि आग येऊ देऊ नका. ऑक्टोबरमध्ये रोपं मोजा, पण खरी मोजणी पुढच्या मेमध्ये. माझा अंदाज असा की तिसरा तुकडा पहिल्याच्या फार मागे नसेल. चुकीचा ठरला तर मला आनंदच आहे.

ताईंनी शेवटी विचारलंय की गटातल्या गावठी कुत्रीला नाकाचं काम जमेल का, सगळे लॅब्राडोरच आणा म्हणतात. जातीवर जाऊ नका. आपल्या कारवान किंवा मुधोळसारखे शिकारी कुत्रे मी या कामाला घेणार नाही, ते डोळ्याने शिकार करतात, हललेल्या सशामागे जातात. गावठी कुत्रा उन्हाला टणक, पायाचा पक्का. अडचण एवढीच की त्याला तुमच्या चेंडूचं अप्रूप नसतं. म्हणून एक साधी चाचणी. सकाळी उंच गवतात तिच्यासमोर चेंडू फेका, पण ती पोहोचायच्या आत तो गुपचूप उचलून घ्या. मग गप्प उभं राहून घड्याळ बघा. दोन मिनिटांत तुमच्याकडे परत आली तर ती छान घरची कुत्री आहे, तिला तसंच राहू द्या. दहा मिनिटं झाली तरी नाक खाली घालून शोधतच असेल, तर पावसाळा संपल्यावर तिला ठाण्याला घेऊन या, बघू.